सेवेच्या नावाखाली

बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या समाजसेविकेचा सत्कार करताना आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते: ‘ही नोकरी नव्हे, हे व्रत आहे.’ हे वाक्य आता बंद व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्रत म्हटले की वेतनाचा प्रश्न काढता येत नाही, रजा मागता येत नाही आणि ‘थकले’ म्हणणे तर पापच ठरते.

मोर्शी तालुक्याचेच पाहा. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख बाहेरून संपन्न दिसतो. पण कर्जापायी बाप गमावलेली लेकरे, शाळा सोडून मजुरीला लागलेली मुले आणि लपूनछपून उरकली जाणारी अल्पवयीन मुलींची लग्ने वऱ्हाडाला नवी नाहीत. खबर आली की अमरावतीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातून कोणीतरी धावायचे. २००९ साली आलेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने एका जिल्ह्यासाठी सामाजिक कार्यकर्ते ठरवले २ आणि क्षेत्र कार्यकर्तेही २. अमरावती जिल्ह्याचे तालुके १४. मेळघाटातील धारणी, चिखलदरा त्यांतच आले. पुढे योजनेचे नाव ‘मिशन वात्सल्य’ झाले. कंत्राट आणि मानधनाची पद्धत मात्र तशीच राहिली.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे नेले पाहिजे आणि सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी झाली पाहिजे. हे योग्यच आहे. मुलाचे तास मोजलेच पाहिजेत. पण कार्यकर्तीचे तास कोण मोजणार? लग्नमंडपात तिने गावाचा रोष अंगावर घ्यायचा, अत्याचारित मुलीची हकीकत ऐकून कागदावर उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी नवे प्रकरण हाती घ्यायचे. ऐकलेले दुःख फाइलबरोबर कपाटात बंद होत नाही. शेवटी ती काम सोडते आणि तेच मूल आपली कहाणी एका नवख्या माणसाला पहिल्यापासून सांगू लागते. तिच्या थकव्याची किंमत अशी लेकरालाच मोजावी लागते.

प्रार्थनेने बळ मिळते, हे आम्हीही मानतो. परंतु दिवसभर लोकांचे तंटे सोडवीत बसलेल्या मोशेच्या श्रद्धेला इथ्रोने दोष दिला नाही. ओझे वाटून घेण्यास माणसे नेमायला सांगितले. रानात झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलियाला देवदूताने प्रवचन दिले नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले.

तेव्हा शासनाने कायम पदे भरावीत, प्रत्येकीकडील प्रकरणांना मर्यादा घालावी, रात्रीबेरात्री जाण्यास वाहन आणि सोबत द्यावी, मन मोकळे करण्यास जाणता समुपदेशक द्यावा. आणि शासनाकडे बोट दाखवताना ख्रिस्तसभेने आपल्या वसतिगृहांत, बालगृहांत राबणाऱ्या धर्मभगिनींची व प्रापंचिक सेविकांची हजेरीवहीही उघडून पाहावी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकातून श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा व विश्रांतीचा कैवार घेतला. तो कैवार केवळ गिरण्या-कारखान्यांपुरता होता काय? ज्यांच्या हाती आपण लेकरे सोपवतो, त्यांना शाल-श्रीफळ नको आहे. त्यांना त्यांचा न्याय हवा आहे.