काळजीवाहक भत्त्याचे अर्ज आपणच भरायला हवेत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये सरकारने कोणत्या योजना आखाव्यात याची यादी आहे. उच्च सहाय्याची गरज असलेल्या व्यक्तींसाठी ‘काळजीवाहक भत्ता’ त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. याच कायद्याच्या व्याख्येनुसार एक पैसाही न घेता सेवा करणारे आईवडील आणि घरातली इतर माणसेही काळजीवाहकच ठरतात. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आपल्यापैकी किती फिजिओथेरपिस्टांनी, परिचारिकांनी, वैद्यकीय समाजसेवकांनी या भत्त्यासाठी एखाद्या कुटुंबाचा अर्ज भरून दिला आहे?

गृहभेटीत दिसणारे घर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले सासरे, नाकातून नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर माकडहाडापाशी जखम होते. पेज मिक्सरमधून काढून, गाळून, कोमट करून सिरिंजने हळूहळू सोडायची. त्या वेळी उशाकडची बाजू उंच ठेवायची आणि नंतरही अर्धा तास त्यांना आडवे होऊ द्यायचे नाही. लघवीची पिशवी रिकामी करताना माप लिहून ठेवायचे. रात्री दोनला गजर, पुन्हा चारला गजर. हे सारे करणारी सून आधी कुठेतरी कामाला जात असते, ते काम सुटलेले असते. आपण तिला पाठ सांभाळून रुग्ण कसा उचलायचा ते शिकवतो आणि केसपेपरवर लिहितो, ‘घरी सून बघते’. तिने किती तास दिले आणि किती पगार सोडला, याची नोंद कुठेच होत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी १३७ मिनिटे या कामात जाताना दिसतात, पुरुषांची ७५. यात मुलांचे संगोपनही आले. अंथरुणावरचा रुग्ण असलेल्या घरात हे काम दिवसभराचे असते.

महाराष्ट्रात अशा कुटुंबाला आधार म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजना सांगितली जाते. २०२५ च्या निर्णयाने दिव्यांगांचे अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले, हे चांगलेच झाले. पण ते रुग्णाच्या नावाचे पैसे आहेत, डायपर आणि औषधांतच संपतात. शिवाय कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. घरातले एक माणूस मिळेल त्या मजुरीवर गेले तरी ती ओलांडली जाते. दुसरीकडे प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग अवलंबिताच्या देखभालीसाठी ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. म्हणजे काळजीला खर्च येतो हे सरकारला मान्य आहे. ज्याचे उत्पन्न कर भरण्याइतके नाही त्याच्यासाठी मात्र ते मान्य होत नाही. हा सरळ अन्याय आहे.

केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून थेट काळजी घेणाऱ्यालाच दरमहा ६०० रुपये देण्याची सोय केली. रक्कम तुटपुंजी आहे, ती थकल्याच्या तक्रारीही झाल्या, पण हक्कदार कोण हे केरळने बरोबर ओळखले. ब्रिटनमध्ये असा भत्ता १९७६ पासून आहे. विवाहित स्त्रियांना तो नाकारला जात होता. घरची सेवा त्या करणारच, असे गृहीत धरलेले होते. हा भेदभाव १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर संपला. तिथली आजची अडचणही आपण समजून घ्यावी. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याला भत्ता मिळतो, पण स्वतःची कमाई ठरलेल्या मर्यादेपेक्षा एका पेनीने वाढली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. या अटीमुळे हजारो काळजीवाहकांच्या मागे वसुली लागली. आपल्याकडे योजना आखताना कमाई वाढेल तसा भत्ता टप्प्याटप्प्याने कमी व्हावा, एका फटक्यात बंद होऊ नये, हे आत्ताच मागायला हवे.

आपला खरा वाटा मूल्यमापनात आहे. प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची हानी सांगते, मदतीचे तास सांगत नाही. कमरेखाली ८० टक्के दिव्यांगत्व असलेला माणूस व्हीलचेअरवरून नोकरी करू शकतो, तर ५० टक्के बौद्धिक दिव्यांगत्व आणि जोडीला फिट्स असलेल्या मुलाला दहा मिनिटेही एकटे सोडता येत नाही. हा फरक घरी जाणाऱ्यालाच दिसतो. कलम ३८ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती उच्च सहाय्यासाठी स्वतः अर्ज करू शकते, आणि तिच्या वतीने कोणीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते. तो अर्ज मूल्यमापन मंडळाकडे पाठवणे प्राधिकरणाला बंधनकारक आहे.

‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द कलम २४ मध्ये आहेत आणि प्रत्येक सरकार त्यांचा आडोसा घेते. गरज कागदावर आली नाही तोवर तो आडोसा टिकणार. म्हणून या महिन्यापासून प्रत्येक गृहभेटीच्या नोंदीत काळजी कोण घेते, दिवसा किती तास, रात्री किती वेळा उठते आणि कोणते काम सोडले, हे लिहा. आपल्या रुग्णांपैकी निदान एका कुटुंबाचा कलम ३८ खालचा अर्ज भरून पोच घ्या. जिल्ह्यात तो कोणाकडे द्यायचा हे कोणी सांगत नसेल, तर राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाला लेखी विचारा. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा, ती या मासिकात छापू.