आठ महिने आणि तीन दिवस

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात सोयाबीनची सोंगणी हे भूमिहीन मजुराच्या हाती दोन पैसे येण्याचे दिवस. त्या दिवसांत सरकारी कामाचा पर्याय उभा असला तर मजुराला दर मागता येतो. नसला तर पदरी पडेल तो घ्यावा लागतो. नेमक्या पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत रोजगार हमीची कामे बंद ठेवण्याची तरतूद २०२५ च्या केंद्रीय कायद्यात आली. ती आली कशी?

विधेयकाची तीन वाचने होतात, एवढे शाळेतले नागरिकशास्त्र सांगते. परंतु गरिबाला शिरकाव मिळतो तो विधेयक मांडले जाणे आणि त्यावर कलमवार चर्चा होणे, यांच्या मधल्या काळात. स्थायी समिती तेव्हा साक्षी घेते, निवेदने वाचते, शब्द बदलण्यास सुचविते. ग्रामीण रोजगार हमीचे विधेयक २१ डिसेंबर २००४ रोजी लोकसभेत आले तेव्हा हमी केवळ गरीब कुटुंबांपुरती होती. समितीने या अटीस हरकत घेतली, बाहेर संघटनांनी रान उठविले आणि २३ ऑगस्ट २००५ रोजी लोकसभेने संमत केलेल्या मसुद्यात ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंब आले. आठ महिने लागले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेला महाराष्ट्राचा मूळ कायदाही १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला होता.

२०२५ चे विधेयक १६ डिसेंबरला मांडले गेले. १८ तारखेला लोकसभेने गोंधळातच आवाजी मतदानाने आणि मध्यरात्र उलटल्यावर राज्यसभेने ते संमत केले. २१ तारखेला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. समितीकडे पाठविण्याची विरोधकांची मागणी मानली गेली नाही. १०० चे १२५ दिवस झाले, हे मोठ्या आवाजात सांगण्यात आले. पूर्वी अकुशल मजुरीचा सारा भार केंद्रावर होता. आता महाराष्ट्रासारख्या राज्यांनी ४० टक्के खर्च उचलायचा, हे मात्र हळू आवाजात. राज्याची तिजोरी आटली तर हमी कोणाची, हा प्रश्न समितीत कोणीतरी विचारलाच असता.

विरोधकांनी सभागृहात विधेयकाच्या प्रती फाडल्या. त्याने वृत्तपत्रांना छायाचित्र मिळते. मधु लिमये नियमांचे पुस्तक हाती घेऊन सरकारला अडवीत. ती मेहनत आता दुर्मीळ झाली आहे.

तथापि एक वाट उरते. बंदीचे हे दिवस राज्य सरकारने आगाऊ जाहीर करायचे असून ते भागाभागानुसार वेगळे ठेवता येतात. मालेगाव तालुक्यात ते कोणते असावेत, याचा ठराव मजुरांनी गावोगावच्या ग्रामसभेत मांडावा. संसदेत न झालेली साक्ष निदान तेथे नोंदली जाईल.