धुऊन न जाणारे विष

भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन घ्या, असा उपदेश गृहिणीला केला की विषाच्या अवशेषांचा प्रश्न जणू सुटतो! मोनोक्रोटोफॉससारखे आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसातच भिनते. ते नळाखाली निघत नाही. भाज्यांवर त्याच्या वापरास 2005 साली मनाई झाली. कपाशीसाठी मात्र तीच बाटली त्याच दुकानात मिळत राहिली. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. तेथे वापरलेल्या विषांत हेही होते. त्याच्या 36 टक्के द्रावणावर केंद्राने बंदी घातली ती 2023 मध्ये, तीही शिल्लक साठा खपवण्याची मुभा देऊन.

दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे शहरी ग्राहकाला सोयीचे वाटते. परंतु भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. फवारणीनंतर अमुक दिवस तोडणी नको, असे वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते. तितके थांबल्यास भेंडी जून होते आणि कीड दिसली की आडत्या भाव पाडतो. अशा वेळी सल्ला देणारा बहुधा औषधविक्रेताच असतो, आणि त्याची कमाई बाटलीवर अवलंबून असते.

म्हणून कार्यकर्त्यांनी मागणी करावी ती बाजार समितीतच अवशेष-तपासणीची, विक्रीपासून अलिप्त अशा कृषी सल्ल्याची आणि तोडणी लांबवणाऱ्या शेतकऱ्याला भरपाईची. फवारणाऱ्या मजुराच्या संरक्षक साधनांचा खर्चही विष बनवणाऱ्या कंपन्यांकडूनच वसूल व्हावयास हवा.