संगणक बंद पडला, गुन्हेगार कोण?

संगणक बंद पडला की आपल्याकडे आरोपी ताबडतोब ठरतो. "काल अपडेट आले आणि आज सकाळी निळी स्क्रीन!" असे म्हणत माणूस दुरुस्तीवाल्याकडे धावतो. दुरुस्तीवालाही फार चौकशी करीत बसत नाही. तो हार्ड डिस्क फॉरमॅट करतो, विंडोज नव्याने टाकतो, अपडेट कायमचे बंद करून ठेवतो आणि 'आता त्रास होणार नाही' असे सांगून पैसे घेतो. खटला संपला! साक्ष नाही, पुरावा नाही, उलटतपासणी नाही, थेट शिक्षा. आणि ती शिक्षा भोगतो कोण? ज्याच्या डिस्कवर मुलांची प्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, संस्थेचे हिशेब आणि दाव्यांचे मसुदे होते, तो.

न्यायालयाच्या आवारातील टायपिंगच्या दुकानापासून तालुक्याच्या सेतू केंद्रापर्यंत 'आम्ही अपडेट बंदच ठेवतो' हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान घातक आहे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

वकिली करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकावी लागते. एका घटनेनंतर दुसरी घटना घडली, एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. कारण शोधावे लागते, सिद्ध करावे लागते. संगणकाच्या क्षेत्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१० साली घडले. ते जुने असले तरी त्यातला धडा जुना झालेला नाही.

९ फेब्रुवारी २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने त्या महिन्याची सुरक्षा अपडेट्स प्रसिद्ध केली. त्यांतील एमएस१०-०१५ या क्रमांकाचे अपडेट विंडोजच्या गाभ्यातील, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात त्यातील, दोन दोष दुरुस्त करणारे होते. त्यांपैकी एक दोष १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून, तब्बल सतरा वर्षे, तसाच पडून होता. गूगलमध्ये काम करणारे संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी जानेवारी २०१० मध्ये तो जाहीर केला. जुने १६-बिट प्रोग्राम चालावेत म्हणून विंडोजमध्ये जी सोय ठेवली होती, तिच्यातून एखादा साधा वापरकर्ताही संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. तेव्हा अपडेट अनावश्यक होते असे कोणीही म्हणू शकणार नाही.

परंतु अपडेट बसताच ठिकठिकाणचे विंडोज एक्सपी संगणक कोसळू लागले. यंत्र सुरू केले की निळी स्क्रीन, पुन्हा सुरू केले की पुन्हा निळी स्क्रीन. सेफ मोडमध्येसुद्धा यंत्र उभे राहीना. ओरड झाली आणि दोनच दिवसांत मायक्रोसॉफ्टने हे अपडेट आपोआप पाठविणे थांबविले. तोवर उपाय सुचविला गेला तो असा, की एक्सपीची मूळ सीडी घालून यंत्र सुरू करावे, रिकव्हरी कन्सोलमध्ये जावे आणि आज्ञा टाइप करून ते अपडेट काढून टाकावे. तसे केले की यंत्र पूर्ववत सुरू होई. झाले! सर्वांची खात्री पटली की गुन्हेगार अपडेटच.

आता उलटतपासणी पाहा. तेच अपडेट, तेच एक्सपी, मग जगातील बहुसंख्य यंत्रे सुरळीत का चालली? कोसळलेल्या यंत्रांत असे काय होते, जे इतरांत नव्हते? कोसळलेल्या यंत्रांच्या मेमरीची नोंद तपासली गेली आणि १७ फेब्रुवारीला मायक्रोसॉफ्टने उत्तर जाहीर केले. त्या यंत्रांत 'अल्युरिऑन' नावाचा रूटकिट आधीपासूनच मुक्कामाला होता.

रूटकिट म्हणजे स्वतःला लपविणारा घातक प्रोग्राम. अल्युरिऑन हा हार्ड डिस्क चालविणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये शिरून बसत असे. अँटिव्हायरसने ती फाइल मागितली की तो मूळची निर्दोष प्रत पुढे करी. म्हणजे झडतीला आलेल्या पोलिसाला दारात उभ्या असलेल्या चोरानेच 'आत सर्व ठीक आहे' असे सांगावे, तसला प्रकार. इंटरनेटवरून जाणारी-येणारी माहिती, पासवर्ड, कार्डांचे क्रमांक टिपणे हा त्याचा धंदा. फुकटच्या क्रॅक फाइलींतून तो पसरे.

मग यंत्र कोसळले का? प्रामाणिक प्रोग्रामला कर्नलकडून काही काम करून घ्यायचे असले तर तो नावाने विचारतो आणि विंडोज त्याला त्या कामाचा त्या वेळचा पत्ता देते. चोराला विचारण्याची सोय नव्हती. त्याने कर्नलमधील ठिकाणांचे पत्ते आपल्या प्रोग्राममध्ये पक्के लिहून ठेवले होते. अपडेटने कर्नल दुरुस्त केला तेव्हा आतली मांडणी सरकली आणि पत्ते बदलले. वस्तीतील घरांचे क्रमांक पाठ केलेल्या चोराने अंधारात जुन्या क्रमांकावर पाऊल टाकावे आणि तेथे घराऐवजी विहीर असावी, तसे झाले. हा चोर डिस्कच्या ड्रायव्हरमध्येच बसलेला असल्यामुळे तो पडताना संपूर्ण यंत्राला घेऊन पडला. सेफ मोडमध्येही डिस्क लागतेच, म्हणून तेथेही सुटका नव्हती.

याचा अर्थ काय? अपडेटने रोग आणला नव्हता. अपडेटमुळे रोग उघडा पडला होता. यंत्र बंद पडणे हा गुन्हा नव्हता, तो गुन्ह्याचा पुरावा होता. ज्यांनी अपडेट काढून यंत्र 'दुरुस्त' केले, त्यांनी प्रत्यक्षात काय केले? चोराला पुन्हा घरात बसविले आणि सतरा वर्षांचे भगदाडही पुन्हा उघडे केले.

याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. रूटकिट लिहिणाऱ्यांनी काही दिवसांतच आपला प्रोग्राम सुधारून घेतला. त्यांनाही यंत्र चालू राहायला हवे होते. बंद यंत्रातून चोरी कशी करणार? त्यानंतर अपडेटही बसू लागले, यंत्रही चालू लागले आणि चोरही आत सुखरूप राहिला. यंत्र चालू आहे याचा अर्थ यंत्र निरोगी आहे असा होत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१० च्या आरंभी अपडेट पुन्हा पाठविणे सुरू केले, पण या वेळी आधी यंत्र तपासायचे आणि संशयास्पद बदल आढळले तर अपडेट बसवायचे नाही, अशी व्यवस्था करून.

याचा अर्थ अपडेट नेहमीच निर्दोष असते, असे मी मुळीच म्हणत नाही. एप्रिल २०१३ मध्ये एका सुरक्षा अपडेटनंतर ब्राझीलमधील अनेक यंत्रे सुरू होईनात. तेथे इंटरनेट बँकिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या एका संरक्षक प्रोग्रामशी त्याचे जमले नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये मात्र दोष अपडेटचाच होता. फॉन्ट नेहमीच्या फोल्डरऐवजी भलत्या ठिकाणी बसविलेली काही यंत्रे कोसळली आणि कंपनीला अपडेट मागे घेऊन नव्याने काढावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील दोषांवरच्या अपडेटने एएमडीची काही जुनी यंत्रे बंद पाडली. आणि १९ जुलै २०२४ चा दिवस तर कोणीच विसरलेले नाही. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा आरोपी प्रत्येक वेळी निराळा असू शकतो. आधीचा रोग, दुसऱ्याचा प्रोग्राम, जुने यंत्र किंवा खुद्द अपडेट. म्हणूनच चौकशी हवी.

चौकशी करायची कशी? पहिली गोष्ट, फॉरमॅटला ठाम नकार द्या. फॉरमॅट म्हणजे पुरावा नष्ट करणे आणि सोबत आपली कागदपत्रेही नष्ट करणे. दुसरी, स्क्रीनवर आलेला सांकेतिक क्रमांक आणि एखाद्या फाइलचे नाव असेल तर तेही लिहून घ्या, मोबाइलने फोटो काढा. तोच पहिला साक्षीदार. तिसरी, आधी कागदपत्रे बाहेर काढा. पेन ड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून ती काढता येतात. मात्र कागदपत्रेच घ्या, जुने प्रोग्राम घेऊ नका. रोग त्यांतूनच नव्या यंत्रात जातो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच कागदावर लिहून सुरक्षित ठेवा. संकटाच्या दिवशी ती शोधून उपयोग नाही.

चौथी, विंडोज १० आणि ११ मध्ये यंत्र लागोपाठ सुरू न झाल्यास दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे शेवटचे अपडेट काढण्याची सोय आहे. ती जरूर वापरा. पण यंत्र सुरू झाले म्हणून थांबू नका. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करणारे ऑफलाइन स्कॅन चालवा, ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस नवे करा. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण दूर होताच ते अपडेट पुन्हा बसवा. अपडेट चार दिवस पुढे ढकलणे हा शहाणपणा असू शकतो; ते कायमचे बंद करणे हा आत्मघात आहे.

आत्मघात हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एका दोषावर अपडेट दिले होते. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने त्याच दोषातून जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली, रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. अपडेट दोन महिने उपलब्ध होते. ते बसविलेले नव्हते. किंमत मोजली ती रुग्णांनी.

आता जबाबदारीचा प्रश्न. आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणून जो परवाना करार स्वीकारतो, त्यात कंपनीने आपली जबाबदारी साधारणपणे आपण मोजलेल्या किमतीपुरतीच मर्यादित केलेली असते. डेल्टासारखी विमान कंपनी २०२४ च्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकविरुद्ध न्यायालयात गेली. टायपिंगचे दुकान चालविणारा कोठे जाणार? त्याने एक ध्यानात ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. दुरुस्तीवाल्याने न विचारता डिस्क पुसली तर तीही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. पण त्यासाठी पावती हवी, लेखी नोंद हवी. 'डेटा न पुसता दुरुस्ती करणे' एवढे एक वाक्य पावतीवर लिहून घ्यायला खर्च येत नाही.

शेवटी आजचा तातडीचा मुद्दा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट मिळण्याची एक वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली. पण ती सोय आपण नोंदणी केल्याशिवाय मिळत नाही. अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. आपल्या वाचनालयांत, अभ्यासिकांत, संस्थांच्या कार्यालयांत देणगीतून आलेली अशी किती यंत्रे आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी. ज्यांची नोंदणी करायची त्यांची करावी, जी बसत नाहीत त्यांवर लिनक्स बसवावे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी.

मोठ्या कंपनीकडे राखीव यंत्रे असतात, पगारी तंत्रज्ञ असतात. ज्याच्याकडे एकच संगणक आहे, त्याला चूक परवडत नाही. म्हणून पुढच्या वेळी निळी स्क्रीन दिसली की घाबरू नका आणि घाईने निकालही देऊ नका. दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा: "कारण काय?" कारण सांगता येत नसेल, तर त्याच्या हाती आपली डिस्क देऊ नका.