टाकीतील गंज आणि वहिनींची कल्हई

जुनी वस्तू टाकवत नाही आणि सांभाळवतही नाही, अशी एक अवस्था प्रत्येक मोठ्या कुटुंबाच्या अनुभवास येते. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या पडवीत अशीच एक वस्तू नऊ पावसाळे आच्छादनाखाली उभी होती. आमचे वडील बंधू दादा यांची ती चेतक स्कूटर. पुण्यानजीक आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दादांनीही ती पाहिली. आणि १९८४ साली गाडी दारात आली तेव्हा वहिनींनी तिला कुंकू लावून ओवाळले. २०१६ साली दादा गेले. गाडी विकण्याची गोष्ट निघाली की वहिनी उठून माजघरात जात. तेव्हा आम्ही तो विषय सोडला आणि गाडीकडे पाहणेही सोडले. यासच आम्ही आठवण जपणे असे समजत होतो!

२०२५ च्या दिवाळीत दादांचा नातू सुटीस आला. तो यंत्रविद्येचा विद्यार्थी. त्याने आच्छादन काढले, आसनाखालील टाकीचे झाकण उघडले आणि विजेरीचा प्रकाश आत टाकला. आत सर्वत्र तांबडा गंज माजला होता आणि तळाशी त्याच्या खपल्यांचा चिखल साचला होता.

बंद टाकीत पाणी शिरते कोठून, असा प्रश्न वाचकांस पडेल, आम्हांसही पडला. टाकी जितकी रिकामी, तितकी तीत हवा अधिक. कोकणातील हवा बाष्पाने भरलेली. रात्री पत्रा गार झाला की त्या बाष्पाचे आतून दव धरते. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते तळाशी बसते आणि तेथूनच लोखंडास खाऊ लागते. हल्लीच्या पेट्रोलात तर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. तेव्हा अशा पेट्रोलाने भरून दीर्घकाळ उभी ठेवलेली गाडीही निर्धास्त नव्हे.

नातवाचे म्हणणे, “आजोबा, टाकी आठवडाभर नीट धुऊ या.” आमचा आग्रह, दत्तजयंतीस वहिनींनी दादांच्या गाडीवर बसून देवळात गेले पाहिजे. बाजारात टाकीस आतून द्यावयाचा लेप मिळतो. दोन द्रवे एकत्र केली की तो घट्ट धरतो. टाकी पेट्रोलने दोनदा खळबळून आम्ही तो लेप ओतविला. आत पाहावे तो कसे स्वच्छ, तुकतुकीत! आम्हांस मोठे समाधान वाटले.

दत्तजयंतीस आजी-नातू निघाले. घाटीच्या चढावर यंत्र अकस्मात बंद पडले आणि गाडी मागे घसरू लागली. मागून वाळूचा ट्रक येत होता. चालकाने तो वेळीच आवरला, म्हणून आज हे लिहिण्यास आम्ही धजतो. लेपाचा पापुद्रा सुटून पेट्रोलच्या कॉकच्या तोंडाशी बसला होता. नातवाने कोणासही दोष दिला नाही. दोष आमचा होता आणि तो सर्वांस ठाऊक होता.

गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी टाकीतून सापाच्या कातीसारखा पापुद्रा ओढून काढला. त्याच्या पाठीस तांबडी पूड चिकटली होती. “मास्तर, हा लेप लोखंडाला धरलाच नव्हता, गंजाला धरला होता. गंज सुटला, तसा तोही सुटला.” घरी हे सांगताच वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, कल्हईवाला घासल्याशिवाय कथील लावतो का हो कधी? काळ्या भांड्यावर कल्हई बसत नाही, एवढे तर माझ्या सुनांनाही ठाऊक आहे!”

आम्ही निरुत्तर झालो. रसशास्त्रात धातूचे आधी शोधन आणि मग मारण, हा क्रम आम्हांस जन्मभर पाठ. पण पाठ असणे निराळे आणि वेळेस आठवणे निराळे.

मेस्त्रींनी जो क्रम पाळला तो ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी देतो.

प्रथम टाकी काढून उघड्यावर रिकामी करावी. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीहून भयंकर समजावी. कारण पेट्रोलची वाफ हवेत मिसळली की एक ठिणगी पुरते. जवळ विडी, दिवा, शेगडी नसावी, आणि अशा टाकीस झाळण कदापि लावू नये. काढलेले पेट्रोल गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. मग साबणाच्या गरम पाण्याने पेट्रोलचा वास जाईतो धुवावे. त्यानंतर साबणाच्या पाण्यात मूठभर लोखंडी नट घालून टाकी सर्व अंगांनी हलवावी. नट मोजून टाकावेत व मोजून काढावेत. आमच्या टाकीत एक उणा भरला आणि त्याच्या शोधात अर्धा दिवस गेला.

खपल्या गेल्या तरी चिकटलेला गंज राहतो. त्यास वाण्याकडील लिंबूफूल उत्तम. दर लिटर गरम पाण्यास ५० ते १०० ग्रॅम घालून टाकी काठोकाठ भरावी आणि एक दिवस ठेवावी. आत वायू सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारून स्वच्छ पाण्याने धुवावे. येथे विलंब नको. उघडे पडलेले लोखंड ओले राहिले तर काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होते. मेस्त्रींनी हवेच्या नळीने टाकी तत्काळ कोरडी केली.

आता लेप. तो सर्वांस हवाच असे नाही. पत्रा धड असेल आणि गाडी नित्य चालणार असेल, तर स्वच्छ टाकी हीच पुरेशी. आमच्या टाकीच्या तळास सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडली होती, म्हणून तो द्यावा लागला. इथेनॉल सोसणारा लेप आहे ना, हे डब्यावर वाचून घ्यावे. कॉकचे भोक बुचाने बंद करून लेप ओतावा, टाकी सावकाश सर्व दिशांस फिरवावी, उरलेला लेप ओतून टाकावा, आणि डब्यावर सांगितले असेल तितके दिवस पेट्रोल घालू नये. येथे मुहूर्त पाहू नये.

या साऱ्यास तीन आठवडे लागले. त्यांतील चार दिवस केवळ आमचा घाईचा लेप खरवडण्यात गेले. आम्ही रोज मेस्त्रींकडे जाऊन बसत असू. एका संध्याकाळी वहिनीही आल्या. नऊ वर्षांत दादांविषयी त्या आमच्याशी फारशा बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र, १९८४ सालच्या पावसात दादांनी ही गाडी अंगावरचा रेनकोट काढून कशी झाकली होती, ते हसत सांगू लागल्या.

आता दर रविवारी घरातील कोणी तरी गाडी दोन मैल फिरवून आणतो. पडवीतील आच्छादन वहिनींनी फाडून त्याची फडकी केली आहेत.