बॉटनीवाला गव्हर्नर

‘बीएस्सी बॉटनी आणि बँकेत? अगं बाई!’ पोलादपूरच्या माझ्या मैत्रिणीने हा डायलॉग लग्नात, बारशात, एसटीत, सगळीकडे ऐकलाय. महाडला एका बँकेत ती कर्जाच्या फायली बघते. पगार वेळेवर, नोकरी पक्की. पण डोक्यात किडा वळवळतोय, की मुळं-पानं घोकण्यात घालवलेली वर्षं फुकट गेली का? सध्या राजीनामा टाकून एमएस्सीला जायचा विचार चाललाय.

माझं बरंय. मास कॉम केलं आणि लिहितेय. मला एवढंच विचारतात, ‘यात पैसे मिळतात का?’

तर मंडळी, मी तिला तिच्याच शेजारची एक केस सांगितली. चिंतामणराव, म्हणजे सी. डी. देशमुख. जन्म १८९६, महाड तालुक्यातलं नाते गाव. केंब्रिजला शिकले काय, तर बॉटनी, केमिस्ट्री आणि जिऑलॉजी. बॉटनीचं बक्षीससुद्धा पटकावलं. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले! १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री.

‘हो गं, पण ते देशमुख होते,’ मैत्रीण म्हणाली.

पॉइंट आहे. तसं डोकं सगळ्यांना मिळत नाही. पण मधली वर्षं बघा ना. ते बॉटनीतून उडी मारून थेट गव्हर्नरच्या खुर्चीत बसले नाहीत. मध्य प्रांतात त्यांनी महसुलाची कामं केली, पुढे तिथेच अर्थखात्याचे सचिव झाले. रिझर्व्ह बँकेत आले ते १९३९ मध्ये. म्हणजे पैशाचं शिक्षण झालं ते नोकरीतच, तब्बल वीस वर्षं. आणि कॉलेजची आवड? संस्कृत त्यांनी कधीच सोडलं नाही. ‘मेघदूत’ मराठीत आणलं.

मग मैत्रिणीनेच एक किस्सा सांगितला. आंब्याच्या बागेसाठी कर्जाचा अर्ज आला होता. कागदावर दुसऱ्या वर्षापासून उत्पन्न दाखवलेलं. सगळ्यांनी बेरीज तपासली, बरोबर होती. हिने विचारलं, ‘कलम दुसऱ्या वर्षी एवढं धरेल कसं? चार-पाच वर्षं तरी जातील.’ हप्ते नव्याने बसवले. नाहीतर झाडाला मोहोर यायच्या आधी दारात नोटीस आली असती.

बॉटनी फुकट गेली म्हणे!

एमएस्सीचा फॉर्म अजून तिच्या पर्समध्ये आहे. जावं की राहावं, ते तिचं तीच ठरवेल. पण ‘वाया गेलं’ म्हणून पळू नकोस, एवढंच मी तिला सांगितलं.

आणि तुम्ही? डिग्री आणि डेस्क जुळत नाही म्हणून कुढत असाल, तर एक करा. गेल्या सहा महिन्यांत नोकरीत नवीन काय शिकलात, ते कागदावर लिहा. कागद कोराच राहिला, तर खुशाल सीव्ही अपडेट करा. फक्त त्याचं खापर डिग्रीवर फोडू नका.