पवनीतून प्रोग रॉक ऐकायला निघालात तर? एका दिवसाचा हिशेब आणि झाडीपट्टीचा धडा

समजा, तुम्ही पवनीत राहता. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं, 'विदर्भाची काशी' म्हणून ओळखलं जाणारं गाव. तुम्हाला एक दिवस स्वतःसाठी काढायचाय. दुपारभर दुकानात बसून रेकॉर्ड धुंडाळायच्या आणि संध्याकाळी प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे प्रोग रॉकचा लाइव्ह कार्यक्रम पाहायचा. इन्स्टावर असे रील रोज दिसतात. एका हातात रेकॉर्डची पिशवी, दुसऱ्या हातात कार्यक्रमाचा बँड बांधलेलं मनगट.

पवनीतून निघालात तर हा एक दिवस निदान तीन दिवसांचा होतो. आणि गंमत म्हणजे ज्या भागात हे गाव आहे, तिथे लोक थंडीच्या दिवसांत तिकीट काढून रात्र-रात्र लाइव्ह गाणं-नाटक पाहतात. मग रॉकसाठीच मुंबई का गाठावी लागते? नीट समजून घेऊ.

आधी, प्रोग रॉक म्हणजे काय?

१९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन मिनिटांचं गाणं पुरेनासं झालं. त्यांनी रॉकमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत मिसळलं. गाणी लांबली, एकाच गाण्यात चार-पाच वेगवेगळे भाग यायला लागले, ताल वाकडे झाले. १९६९ मध्ये आलेला किंग क्रिमझनचा पहिला अल्बम या प्रकाराची सुरुवात मानला जातो. पुढे यस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड ही नावं मोठी झाली.

'वाकडे ताल' ऐकून घाबरू नका. पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे गाणं बहुतांश सातच्या मोजणीत चालतं. आपल्या रूपक तालाच्या मात्राही सातच. तबल्याच्या क्लासला गेलेल्या कुणालाही हे चटकन पकडता येतं.

यात रेकॉर्डचा काय संबंध?

संबंध थेट आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. म्हणून ग्रामोफोनच्या सुरुवातीच्या काळात आपल्या गवयांनाही अख्खा राग तेवढ्यात उरकावा लागायचा. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली आणि एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मिळू लागली.

ख्यालगायकीला याचा फायदा झाला, तसा रॉकलाही. यस बँडचं 'क्लोज टू द एज' हे १९७२ चं गाणं एलपीची एक पूर्ण बाजू व्यापतं. त्याच वर्षी जेथ्रो टलने 'थिक ॲज अ ब्रिक' काढला. एकच गाणं, दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांहून जास्त, मध्ये फक्त रेकॉर्ड उलटायची. म्हणजे प्रोग रॉकची लांबी या तबकडीने ठरवली. प्रोगचे चाहते आजही एलपीच्या मागे लागतात, याचं एक कारण हे आहे.

रेकॉर्ड खरंच परत आल्यात?

हो. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्ड सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या. साधारण ४.१ कोटी रेकॉर्ड आणि ३.३ कोटी सीडी. १९८७ नंतर हे पहिल्यांदा घडलं. भारतातला बाजार त्यामानाने लहान आहे, पण हालचाल आहे. अनेक दशकांच्या खंडानंतर २०२४ मध्ये नवी मुंबईत रेकॉर्ड छापणारा कारखाना सुरू झाला. मुंबईत माहीमचं रिव्हॉल्व्हर क्लब हे खास विनाइलचं दुकान आहे. जुन्या मालासाठी चोरबाजार आहेच.

काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस मात्र २०१६ मध्ये बंद पडलं. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी इथे उभं राहून गाणी ऐकली होती. पुढे ही जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, मग बँक घोटाळ्याच्या तपासात ईडीने ती जप्त केली. संगीताचं दुकान गेलं, की त्या जागेचं मोल फक्त चौरस फुटांत मोजलं जातं.

जुनी रेकॉर्ड घेणार असाल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती उजेडात तिरपी धरून चरे पाहा. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली नाही ना, हे तपासा. आणि ७८ आरपीएमची लाखेची रेकॉर्ड एलपीच्या सुईने वाजवू नका. तिचे खोबणीचे माप वेगळे असते, दोन्हींचं नुकसान होतं. विनाइलवर पिंक फ्लॉइड ऐकण्यासाठी दरवेळी परदेशी नवी प्रतच लागते असंही नाही. त्यांच्या भारतात छापलेल्या एलपी जुन्या बाजारात मिळतात.

आता प्रवासाचा हिशेब

पवनीहून भिवापूर, उमरेडमार्गे नागपूर साधारण ८० किलोमीटर. या मार्गावर इतवारी-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे होती, 'पवनी रोड' नावाचं स्टेशनही होतं. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि लोक एसटीवर, खासगी गाड्यांवर आले.

नागपूरमध्ये रॉक ऐकायलाच मिळत नाही असं नाही. कॉलेजांचे महोत्सव असतात, पबमध्ये बँड वाजतात. पण नावाजलेले प्रोग बँड भारतात आले ते मोठ्या शहरांत. पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड डिसेंबर २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजला. स्वीडनचा ओपेथ त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या सारंगमध्ये. पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स २००७ मध्ये मुंबईत येऊन गेले.

म्हणजे पवनीहून नागपूर, तिथून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबई. दिवसभर रेकॉर्ड, संध्याकाळी कार्यक्रम. पण परतीच्या विदर्भ आणि दुरांतो या नेहमीच्या गाड्या सीएसएमटीहून साधारण सात ते सव्वाआठच्या सुमारास सुटतात. तेव्हा स्टेजवर नुकतं दुसरं-तिसरं गाणं सुरू असतं. म्हणजे मुंबईत आणखी एक रात्र, तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झालाय, पण त्याचा फायदा ज्याच्याकडे गाडी आणि टोलचे पैसे आहेत त्याला जास्त.

तिकीट, दोन वेळचा लांबचा प्रवास, एका रात्रीची खोली, खाणं आणि कामावरचे तीन खाडे. यात तिकीट हा अनेकदा सगळ्यात मोठा खर्च नसतोच.

'कॉन्सर्ट इकॉनॉमी' नेमकी कुणाची?

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नवी मुंबई आणि अहमदाबादला झाले. त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदींनी भुवनेश्वरच्या भाषणात या कार्यक्रमांचा दाखला देऊन 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'ला मोठा वाव असल्याचं सांगितलं. तेव्हापासून हा शब्द सगळीकडे आहे.

या अर्थव्यवस्थेचा फायदा कसा मोजतात? बाहेरगावचे किती लोक आले, हॉटेलच्या किती खोल्या भरल्या, विमान-रेल्वे-टॅक्सीवर किती खर्च झाला. आता हाच हिशेब पवनीतून वाचा. मुंबईच्या खात्यात जी कमाई म्हणून दिसते, ती पवनीच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खिशातून गेलेली रक्कम आहे. कार्यक्रम जितका दूर, तितकी ही 'इकॉनॉमी' मोठी. मुलगी असेल तर खर्चाच्या आधी परवानगीचा प्रश्न येतो. रात्री कुठे थांबणार, सोबत कोण, परत कशी येणार?

म्हणून छोट्या गावातल्या चाहत्यासाठी खरा प्रश्न हा आहे की कार्यक्रम जवळ येऊ शकतो का.

इथे झाडीपट्टी काय शिकवते?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागाला झाडीपट्टी म्हणतात. इथली रंगभूमी पवनीपासून लाखांदूरमार्गे साधारण ५० किलोमीटरवरच्या वडशातून, म्हणजे देसाईगंजमधून चालते. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत, गावोगावचे लोक तिथे येऊन नाटक ठरवतात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले, की हंगाम सुरू होतो आणि शंकरपटांच्या हंगामातही चालू राहतो. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. नट-नट्या स्टेजवर स्वतः गातात, साथीला वादक समोर बसलेले असतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

रॉकवाल्यांनी शिकण्यासारखी गोष्ट या व्यवस्थेत आहे. झाडीपट्टीत गावातलं मंडळ कंपनीकडून ठरलेल्या रकमेत नाटक घेतं. मंडप, तिकीटविक्री, गर्दी जमवणं हे मंडळाचं काम. जास्त तिकिटं खपली तर फायदा मंडळाचा, कमी खपली तर तोटाही त्याचाच. कंपनीला आपले पैसे माहीत असतात, मंडळाला आपले प्रेक्षक. वर आजचा प्रयोग एका गावात आणि उद्याचा जवळच्याच दुसऱ्या गावात असल्याने प्रवासाचा खर्च वाटला जातो.

'लांबलचक संगीत लहान गावात कोण ऐकणार?' असं विचारलं जातं. जिथले प्रेक्षक थंडीत घोंगडं घेऊन पहाटेपर्यंत बसतात, तिथे वीस मिनिटांच्या गाण्याची लांबी ही अडचण असूच शकत नाही.

मग रॉकचं हे का जमत नाही?

पहिलं कारण पैशाच्या रचनेचं. भारतात रॉक वाढला तो दोन आधारांवर. एक कॉलेजचे महोत्सव, दुसरे प्रायोजक. १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा त्यातला मोठा महोत्सव, पुढे २०१० पासून पुण्यात एनएच७ वीकेंडर. प्रायोजकाला आपला ग्राहक जिथे दाट आहे तिथेच पैसे लावायचे असतात. आयआयटीचा महोत्सव आयआयटीतच होणार. यात पवनी-भंडारा कुठेच बसत नाही.

दुसरं कारण जागेचं आणि आवाजाचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो. मुंबईतलं धोबीतलावचं रंगभवन याच शांतता क्षेत्राच्या मुद्द्यावर कार्यक्रमांसाठी बंद झालं. कागदावर हा नियम झाडीपट्टीच्या मंडपालाही लागू आहे. बंद सभागृहाला मात्र आतल्या आत वाजवायची मोकळीक असते. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं, आवाज बाहेर न जाऊ देणारं सभागृह असणं हा चैनीचा विषय राहत नाही.

तिसरं कारण भाषेचं, आणि ते मान्य करायला हवं. झाडीपट्टीचं नाटक लोकांच्या बोलीतलं, लोकांच्या घरातल्या भांडणांचं असतं. प्रोग रॉक बहुतेक इंग्रजीत. पण तो इंग्रजीतच असावा असा नियम नाही. मुंबईच्या कोशिश या बँडने २०१३ मध्ये 'फिरदौस' हा अख्खा प्रोग अल्बम हिंदीत काढला. झाडीबोलीत कुणी सात मात्रांचा रॉक वाजवला, तर तो परका वाटेल का?

करता काय येईल?

एक साधा हिशेब मांडू. हे आकडे फक्त उदाहरणादाखल. भंडाऱ्यात ३०० लोकांनी प्रत्येकी ४०० रुपये दिले, तर १ लाख २० हजार जमतात. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे ही रक्कम करात घटत नाही. मुंबईहून पाच जणांचा बँड एका कार्यक्रमासाठी आणला, तर एवढ्यात प्रवास, साउंड आणि मानधन भागणं अवघड. तोच बँड गोंदिया, भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर असा चार दिवस फिरला, तर जाण्यायेण्याचा खर्च चौघांत वाटला जातो. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून थेट गोंदियापर्यंत येते, हेही सोयीचं.

त्यासाठी चार गावांत चार मंडळं लागतात, जी आधीच रक्कम ठरवतील आणि तोट्याची तयारी ठेवतील. अशी मंडळं चालवायची कशी, हे या भागातल्या लोकांना नव्याने शिकवायची गरज नाही. कार्यक्रमाच्या दारात एक टेबल टाकून जुन्या रेकॉर्ड विकायला, अदलाबदलीला ठेवल्या, तर खरेदीही तिथेच होईल.

पवनीत एकदम पाच हजारांची गर्दी जमणार नाही, हे खरं. पण इथे लाइव्ह संगीत चालत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा मंडईच्या रात्री येऊन तिकीटखिडकी पाहावी. रॉकला इथवर आणणारी माणसांची साखळी अजून जोडली गेलेली नाही, अडचण तेवढीच आहे. आणि ती जोडायला मुंबईची वाट पाहायची गरज नाही, वडशाची वाट माहीत असली तरी पुरे.